डाव्या हाताचं दही

आई माझं घर बघायला म्हणून आली आणि अडकली. मेलबर्नजवळ पॉइंट कुकमध्ये मी घर घेतलं, तेही एकटीने, तर त्याची वास्तुशांत नको का करायला, असा तिचा हट्ट. बाबांना दमा. एवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता, म्हणून ते कोल्हापुरातच राहिले. आई आली, भटजींनी हॉलमध्ये होम करून स्मोक अलार्म वाजवला, सगळं रीतसर झालं. आणि मग जगच बंद पडलं. आईचं परतीचं तिकीट कॅन्सल, त्याच्या पुढचंही कॅन्सल. एअरलाइनवाले फोनवर इतकं गोड बोलायचे की फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा.

तिकडे बाबा एकटे. शेजारीण दाराबाहेर डबा ठेवून जायची. व्हिडिओ कॉलवर दम लागलेला कळू नये म्हणून ते तोडून तोडून बोलायचे, आणि आम्हाला काही कळत नाही असा त्यांचा समज. फोन ठेवला की आई तशीच बसून राहायची. तिला घरी जायचं होतं. त्यांना काही व्हायच्या आत पोचायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं.

एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मी काही घरी पोचत नाही आता. पोचलो तरी वेळेवर नाही."

आमच्या कोल्हापूरच्या बायका मी जातो, मी आलो असंच बोलतात. इथल्या माझ्या पुण्याच्या मैत्रिणींना त्याचं फार हसू येतं. मला येत नाही.

"का नाही पोचणार?"

"निघताना माझ्या हातावर कुणी दही ठेवलं नाही."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे कुणी लांब निघालं की आई त्याला दारात थांबवते, उजव्या तळहातावर चमचाभर दही ठेवते, आणि ते चाटूनच पाऊल बाहेर टाकायचं. तसं केलं की माणूस सुखरूप जातो, सुखरूप परत येतो. मी शिकायला इथे आले तेव्हा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी तिने सोडलं नव्हतं. मग ती स्वतः निघाली तेव्हा कोण देणार? बाबांना आपल्या घरात चमचे कुठे असतात तेच माहीत नाही.

"मग स्वतःच घ्यायचं होतंस."

"स्वतःच्या हातानं स्वतःला निरोप देतात होय?" असं म्हणून तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प शेंगा सोलायला लागले. डाव्या हाताने. तिने नुसती नजर टाकली आणि मी हात बदलला. मी जन्माची डावखुरी. जेवण, आरती आणि दही या तीन गोष्टींपुरता तिने मला उजवा हात शिकवला होता. बाकी तिने नाद सोडला होता, नजर तेवढी सोडली नव्हती.

इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जूनमध्ये, पहिलं लॉकडाऊन जरा सैल झालं, तेव्हा तिला कुठेतरी बाहेर न्यायचं म्हणून मी म्युझियमचं बुकिंग केलं. म्युझियम कसलं, आमच्या पश्चिमेकडच्या भागात लोकरीचं एक जुनं गोदाम आहे, तिथे प्रदर्शन लागलं होतं: पोलंड सोडून जगभर गेलेल्या लोकांचा इतिहास. खरं सांगायचं तर मला पोलंडशी काही देणंघेणं नव्हतं. फक्त तिथलाच स्लॉट मोकळा होता.

दारात मास्क लावलेला एक वयस्क माणूस उभा होता, तिथला स्वयंसेवक. त्याने आईला हात पुढे करायला सांगितला आणि तळहातावर सॅनिटायझरचा गोळा ठेवला. आईने तो हात सरळ तोंडाकडे नेला. मास्क होता म्हणून वाचली. तो माणूस घाबरला, मी ओशाळले, आणि आई किती महिन्यांनी हसली. "सवय हो," ती त्याला मराठीत म्हणाली.

आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. लांबलचक अंधारी खोली, छपरावर वाऱ्याचा आवाज, आणि काचेमागे ट्रंका, मुलांचे बूट, एक बाहुली, एक उशी. उशीवर डोक्याचा खळगा तसाच होता. एवढ्या वर्षांत कुणी ती नीट केली नसेल का, हा विचार माझ्या मनातून जाईना. आपण एखाद्या पेटीसमोर उभं राहिलं की सेन्सरमुळे तिथला आवाज सुरू व्हायचा, कुणीतरी म्हातारा नाहीतर म्हातारी बोलायला लागायची. आपण पुढे सरकलो की ते गप्प. आईला ते मुळीच आवडलं नाही. ती प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यायची, कळो न कळो. "मधेच उठून गेल्यासारखं होतं गं," ती म्हणाली.

तेवढ्यात खोलीच्या पार टोकाला एक आवाज आपोआप सुरू झाला. तिथे कुणीच नव्हतं. बाईचा आवाज, म्हाताऱ्या बाईचा, इंग्रजीत. स्वयंसेवक मागून येऊन म्हणाला, "सॉरी. ती दिवस मावळला की आपली आपणच बोलायला लागते. सेन्सर बदलून पाहिला." मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. सेन्सर म्हटला की चुकणारच, असं म्हणून मी आईला घेऊन तिकडे गेले. आणि भिंतीवरच्या नकाशात मला कोल्हापूर दिसलं.

म्हणजे अगदी छापलेलं, पंचगंगेच्या निळ्या रेघेसकट. युद्धाच्या काळात घरदार गेलेल्या पोलिश बायका-मुलांसाठी वळिवड्याला छावणी होती, हे मी शाळेत कधीतरी ऐकलं होतं आणि विसरूनही गेले होते. आई विसरली नव्हती. वळिवडे तिचं माहेर. ती नकाशाकडे न बघता बाजूच्या मोठ्या फोटोकडे बघत होती.

फोटो छावणी उठतानाचा. स्टेशनच्या फलाटावर पोरांची रांग, सगळ्यांनी एकेक हात पुढे केलेला. रांगेच्या तोंडाशी एक बाई, आपल्याकडे पाठ, डोक्यावर पदर, उजव्या काखेत गाडगं. ती एका मुलीच्या तळहातावर काहीतरी पांढरं ठेवत होती. खाली लिहिलं होतं, प्रवासाला निघण्यापूर्वी मुलांच्या हातांना औषध लावताना स्थानिक कर्मचारी.

"औषध कसलं, दही आहे ते," आई म्हणाली. ती फोटोच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, "ही माझी आई आहे."

"आई, तिचं तोंड तरी दिसतंय का?"

"हात बघ."

बाई डाव्या हाताने देत होती.

माझी आजी डावखुरी. मी तिच्यावरच गेलेय. ती छावणीत दूध-दही घालायची, हेही मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं की फोटो उलटा छापला असेल. आईने नुसतं बोट दाखवलं. बाईच्या मागे फलाटावर स्टेशनची पाटी होती आणि तिच्यावरची अक्षरं सुलटी होती.

कोपऱ्यातली बाई अजून बोलतच होती. आई म्हणाली, "काय म्हणतीय सांग."

मी सांगत गेले. ती म्हणत होती की तिची आई वाटेतल्या बर्फात गेली. कोल्हापूर हे तिचं पहिलं गरम घर. तिथून निघताना फलाटावर एका बाईने तिच्या हातावर काहीतरी गार ठेवलं. काय ते तिला माहीत नव्हतं, तिने ते फ्रॉकला पुसून टाकलं. नंतर बोट, मग मेलबर्न, लग्न, मुलं, नातवंडं. "सगळा जन्म इथे गेला," ती म्हणत होती, "पण डोळे मिटले की मी एका घराच्या दारात असते. दार उघडं असतं. आत ती बाई पाठमोरी. मी हात पुढे करून उभी. मला आत जाता येत नाही आणि मागे फिरताही येत नाही. जागी होते तेव्हा तळहात गार असतो."

आई तिथल्या बाकावर खाली बसली. स्वयंसेवक म्हणाला की ही बोलणारी बाई यंदाच गेली, प्रदर्शन उघडायच्या आधीच. तो हे बोलत असताना आवाज मध्येच बंद पडला. आम्ही दोघी सेन्सरच्या अगदी समोर होतो, तरी.

गाडीत आईने मला आजीचं सांगितलं. आजीने त्या पोरांना दही दिलं म्हणून तिच्या सासूने तिला फार बोलून घेतलं होतं. दिलं ते दिलं, वर डाव्या हातानं. असला निरोप धड लागत नाही, सासू म्हणाली होती, माणूस ना पोचतं ना परततं, दारातच उभं राहतं. आजीने तेव्हा ते हसण्यावारी नेलं. पण शेवटच्या काही वर्षांत दिवेलागण झाली की ती उंबऱ्याकडे बघून म्हणायची, "पोरं हुबी हाईत गं दारात." आणि रिकामा चमचा घेऊन उठायची.

"म्हातारपणी होतं असं," मी म्हटलं.

"होतं," आई म्हणाली, आणि घर येईपर्यंत काचेतून बाहेर बघत राहिली.

त्यानंतर दुसरं लॉकडाऊन लागलं आणि आमची एस्टेट कुणी उचलून नेल्यासारखी सुनी झाली. नवी घरं, एकसारखी गॅरेजची दारं, समुद्राकडून येणारं धुकं. माझ्या दाराबाहेर बिल्डरने सेन्सरची लाइट बसवलेली. माणूस पोर्चवर आलं की लागते, गेलं की विझते. एका संध्याकाळी मी मीटिंगमध्ये होते, आणि बाहेरची लाइट लागलेली दिसली. आई पोर्चवर उभी होती, रस्त्याकडे तोंड करून, उजवा हात पुढे धरून.

"काय करतेस गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि हात पदराला पुसला.

मग हे रोजचं झालं. मी चिडले, समजावलं, एकदा तर रडलेही. ती निमूट आत यायची. दुसऱ्या दिवशी दिवस मावळला की पुन्हा लाइट. तिला भीती वाटत होती की आपणही अशाच कुठेतरी मध्ये राहून जाणार, बाबा तिकडे आणि आपण इकडे दारात. आणि मला भीती वाटत होती की तिचं डोकं फिरतंय.

अखेर आपल्या सरकारच्या खास विमानात तिला सीट मिळाली. मेसेज वाचून दाखवला तेव्हा ती आधी देवापुढे गेली आणि मग तिने बाबांना व्हिडिओ कॉल लावला. "फ्रिज उघडा," ती म्हणाली. "दही काढा. आता चमचा. तिथं नाही हो, खालचा खण." बाबांना काय चाललंय ते कळेना, पण नेहमीप्रमाणे त्यांनी ऐकलं. "माझ्या हातावर ठेवा." ते बिचारे चमचा फोनवर धरून राहिले. दही कॅमेऱ्यावर पडलं आणि सगळी स्क्रीन पांढरी झाली. त्या पांढऱ्या स्क्रीनखाली आई तळहात धरून उभी होती.

"मिळालं," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी मीही वाटीत दही काढलं. तिने मान हलवली. "नको. त्यांनी दिलंय ते बस. तुझं दही मला इकडं ओढील."

"म्हणजे माझ्याकडे परत यायचंच नाही तुला?"

तिने बॅगेची चेन लावली. मला ते फार लागलं. एवढे महिने हिच्यासाठी मी फोनवर भांडले, आणि ही माझ्या हातचं चमचाभर दही घेईना. तरी मी ते एका डबीत घालून गाडीत ठेवलं. का, ते मला विचारू नका.

एअरपोर्टवर आत फक्त प्रवाशांना सोडत होते. आईला गाऊन, हातमोजे, तोंडावर प्लास्टिकची ढाल. ती ट्रॉली ढकलत दारापर्यंत गेली. काचेचं दार उघडलं. आणि निघाल्यावर मागे वळू नये हे जिने मला शिकवलं, ती वळली. ट्रॉली तिथेच सोडून माझ्याकडे आली आणि उजव्या हाताचा मोजा ओढून काढला.

"दे," ती म्हणाली. "तुझ्याकडं पण यायला पाहिजे की मला."

मी डबी उघडली. गार्ड गाडी हलवा म्हणून ओरडत होता, माझ्या उजव्या दंडावर तिने मोजा काढताना अडकवलेली कागदांची पिशवी, उजव्या हातात डबी, डोळ्यांत पाणी. मी दही तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ढाल वर केली, मास्क खाली घेतला, चाटलं. मग पिशवी परत घेताना माझ्या हाताकडे बघितलं.

"डाव्या हातानं दिलंस गं," ती म्हणाली. रागाने नाही. आणि गार्ड तिला आत घेऊन गेला.

आई पोचली. विलगीकरण संपवून घरी गेली आणि आठवड्याभरात बाबा तापाने पडले. ऑक्सिजन, इंजेक्शनं, सगळं झालं. ते वाचले. वेळेवर कुणी जवळ होतं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. तिला जे हवं होतं ते मिळालं. मी इथे जमिनीवर बसून ढसाढसा रडले.

उठले तेव्हा दिवस मावळत होता, आणि बाहेरची लाइट लागलेली होती.

पोर्चवर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही लागली, तिसऱ्या दिवशीही. विझायचीच नाही, म्हणजे कुणीतरी तिथून हलत नाहीये. इलेक्ट्रिशियन म्हणाला, नो वरीज, कोळी बसतात सेन्सरवर. त्याने ती पुसली. मी टेस्टर आहे, म्हणून मीही टेस्टिंग केलं: झाड छाटलं, पायपुसणं काढलं, सेन्सरची दिशा बदलली. संध्याकाळ झाली की लागायचीच. मी दिवे न लावता आत बसायचे आणि दाराच्या काचेतून तो उजेड बघायचे. दार उघडायचा धीर व्हायचा नाही.

शेवटी तिला फोन केला. इकडे संध्याकाळ म्हणजे तिकडे दुपारच्या जेवणानंतरची झोपायची वेळ. तिचा आवाज जड होता. "आत्ता डोळा लागला होता," ती म्हणाली. "रोज तेच. तुझ्या दारात उभा असतो मी. तू आत अंधारात बसलेली दिसतीस. दार उघडत नाहीस."

मी दाराकडे पाठ केली.

"उठलो की पाय भरून येतात. तळहात गार पडलेला असतो," ती म्हणाली. "एकदा नीट दे गं. उजव्या हातानं. म्हणजे मी तिथून सुटेन."

दुसऱ्या संध्याकाळी लाइट लागली तशी मी उठले. वाटीत दही घेतलं, चमचा उजव्या हातात धरला आणि दार उघडलं. पोर्च रिकामा. समोरच्या घरांची गॅरेजं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी चमचा पुढे केला आणि हवेत उलटा केला. दही खाली पडायला पाहिजे होतं. मी खाली बघितलं नाही. लाइट विझली, आणि मी तिच्या अगदी खाली उभी असूनही आत येईपर्यंत ती लागली नाही.

आईचा फोन आला. छान झोप लागली म्हणाली. त्यानंतर ती कधी दारात आली नाही. लाइट शहाण्यासारखी वागायला लागली, कुरिअरवाला आला की लागायची, गेला की विझायची.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? घर खायला उठलं. विमानं बंदच होती, देशाबाहेर जायचे माझे अर्ज नाकारले जात होते, बाबांचा खोकला फोनवर ऐकू यायचा आणि मी संध्याकाळी त्या काळ्या काचेकडे बघत बसायचे. आई दारात उभी असलेली मला परवडली असती. पण तिला पुन्हा तसं उभं करणं माझ्याच्याने होईना.

मग एका रात्री झोपायच्या आधी मी फ्रिज उघडला. चमचा डाव्या हातात घेतला आणि दही माझ्याच उजव्या तळहातावर ठेवलं. स्वतःच्या हाताने स्वतःला निरोप देत नाहीत, हे मला माहीत होतं. चाटलं, दिवा मालवला आणि आडवी झाले. आपल्याकडे कोल्हापुरात तेव्हा दिवेलागण होत असते.

सकाळी तळहात गार होता. मी तो चादरीला पुसत असतानाच आईचा फोन आला.

"काल सांजच्याला मी दार उघडंच ठेवलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीला काय केलंस विचारावं तसा. "उंबऱ्याशी हुबी राहू नको, बाळा. आत येत जा."